पूर्वेच्या बुरुजाची माती

आमच्या गावच्या गढीला चार बुरूज होते. आता तीन आहेत. चौथा माझ्या यादीने गेला.

गाव युसूफ वडगावपासून जवळ. गढी कोणी बांधली याबद्दल प्रत्येक गल्लीचं वेगळं मत आहे. निजामाच्या आधीची, एवढ्यावर सगळ्यांचं जमतं. खाली काळा घडीव दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत, बुडाशी बैलगाडी आडवी मावेल एवढी जाड. दरवाजा समोरून दिसतच नाही. बुरुजाला वळसा घातला की एकदम पुढ्यात येतो, म्हणजे हत्तीला लांबून धावत येऊन धडक मारता येऊ नये. हे मला तिथे शेळ्या राखणाऱ्या मामांनी सांगितलं. भिंतीतली तिरकी भोकं बंदुकीसाठी, आणि पूर्वेच्या बुरुजाच्या पोटाशी पायऱ्यांची विहीर आहे ती वेढा पडला तर आतल्यांना पाणी मिळावं म्हणून, हेही त्यांनीच. वेढा कधी पडला का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या विहिरीवर त्यांची तीस-चाळीस शेरडं मात्र जगत होती.

तेव्हा आमची घरं धाब्याची होती. दर उन्हाळ्यात छतावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागे आणि ती माती गढीची. शेतातली काळी माती भेगाळते, गढीची पाणी अडवते. गाव ती वरून, पाटीपाटीने खरवडून आणायचं. वर चढायचं, भरायचं, डोक्यावर घेऊन उतरायचं. त्यात दिवस जायचे आणि कुणी आधी भरायची यावर बायकांची भांडणं व्हायची.

एका वर्षी ही भांडणं मिटवायला मी वही घेतली. गल्लीवार पाळ्या लावल्या, ट्रॅक्टर ठरवला. पूर्वेच्या बुरुजाचे दगड आधीच कुणाकुणाच्या जोत्यात गेले होते, त्यामुळे तिथे बुडाची माती उघडी होती आणि ट्रॉली थेट मागे लावता येत होती. मी तीच जागा लिहिली.

मामा काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

"बुडाला कावून हात लावायलीस गं? वरून घ्या की."

"मामा, वर चढायला माणसं कुठून आणू? दोन दिवसांचं काम दोन तासांत होतंय."

"लई घाई हाय तुला. माणूस बी आधी गुडघ्यातच जातंय."

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मामा, तुमच्या गुडघ्याला बी लिंपून देतो. यादीत नाव टाका."

"टाक की. माज्या शेरडांचं पाणी बी लिव तिच्यात."

सगळे हसले. मीही हसले आणि पुढच्या गल्लीला हाक मारली. मामांचं म्हणणं मला कळलं नव्हतं असं नाही. वहीच्या कडेला मी 'बूड – बघणे' असं लिहूनही ठेवलं. बघायचं राहिलं.

पावसाळ्यात, भर दुपारी, बुरूज जागच्या जागी बसला. शेरडं रानात होती, म्हणून जीव कुणाचा गेला नाही. विहीर मात्र पायऱ्यांसकट बुजली.

दुसऱ्या दिवशीच मी कामाला लागले. आमच्या दारात सिमेंटचा हौद केला, नळावरून पाइप घेतला. मामा शेरडं घेऊन येत राहिले. उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायला लागलं. मामांनी शेरडं एकेक करून बाजारात नेली. त्यांनी मला सांगितलं नाही. एकही शेरडू हौदाकडे फिरकेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पुढे दोन-तीन वर्षांत आम्ही स्लॅब टाकला. जुनं धाबं उतरवलं तेव्हा ती सगळी माती उकिरड्याच्या खड्ड्यात गेली. तेही मीच सांगितलं होतं.

यंदा माझी भाची आली. ती घरं बांधण्याचं शिक्षण घेते आणि कॉलेजसाठी तिला गढीचा नकाशा काढायचा होता. तीन बुरूज तिने टेपने मोजले. चौथ्यासाठी मी तिला मामांकडे नेलं. त्यांना आता दिसत नाही. आवाजावरून मला ओळखलं.

"मामा, पूर्वेचा बुरूज केवढा उंच होता?" भाचीने विचारलं.

"तिला ईचार. तिनं समदा मोजून नेलाय."

आवाजात राग नव्हता. त्यांनी सुनेला आमच्यासाठी चहा टाकायला सांगितला.

घरी येऊन मी जुनी वही शोधली. पत्र्याच्या पेटीत तळाशी होती. गल्ल्या, वार, खेपा, सगळं नीट लिहिलेलं. भाचीने ट्रॉलीची लांबी-रुंदी विचारली, कागदावर बराच वेळ आकडे मांडले आणि मान हलवली.

"मावशी, ह्यातून उंची निघत नाही. नुसती माती निघते."

मग कडेला लिहिलेलं 'बूड – बघणे' तिला दिसलं. बाकी प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती, तिथे नव्हती.

"हे झालं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.