यहूदाचा दुसरा डोळा

अयालनेहनं आयुष्यभर ताना सरोवराकाठच्या चर्चच्या भिंती रंगवल्या. तिथली रीत ठरलेली: संत समोरून, दोन्ही डोळ्यांनी बघणारे, पापी बाजूनं, एकाच डोळ्याचे. संतांपुढं लोक कपाळ टेकवत, एकडोळ्यांकडं ढुंकूनही बघत नसत.

बापाच्या खेचरावरून थोरल्या भावाशी, देस्तावशी, वाजलं, तेव्हा अयालनेहनं रागाच्या भरात भिंतीवरच्या यहूदाला, गुरूला दगा देणाऱ्या पाप्याला, देस्तावचा चेहरा दिला. गावानं लगेच ओळखला. बायका पाणवठ्यावर देस्तावला "एकडोळ्या" म्हणू लागल्या. तो चर्चच्या आत यायचाच थांबला आणि मेरीच्या सणाला, बाहेर उभ्याउभ्याच, कोसळून गेला.

माती देऊन अयालनेह तडक शिडीवर चढला. यहूदाला दुसरा डोळा काढायचा होता. कुंचल्यावरचा रंग वाळला, पण जागाच सापडेना. तोंडच पलीकडं वळलेलं!

घरी बायकोनं, यितायिशनं, कॉफी पुढं केली.

"अहो, भावोजींना पोचवून आल्यापासून मान वळवून काय बसलाय? माझ्याकडं बघा की जरा."

"बघतोय की."

"कुठं बघताय? मला तर तुमचा एकच डोळा दिसतोय."