हार्डवेअर सोमवारी बंद असतं

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी पडवीत सुपाऱ्या सोलत होते. "ताई, तुझं हार्डवेअर बंद आहे गो, ते चालू कर," ती म्हणाली. मी म्हटलं, "आज सोमवार. श्रीवर्धनात हार्डवेअर सोमवारी बंदच असतं." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला आपलं वाटलं, खिळे नाहीतर पाइप हवा असेल!

ती परदेशात असते. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास कायमचा बंद केलाय. म्हणून तिने संगणकावरच्या एका आभासी जगात आमची वाडी उभी केली. पोफळी, विहीर, आईची तुळससुद्धा. तिथे एक शरीर घ्यायचं आणि दोघींनी फिरायचं. यापुढे तिचं घरी येणं ते एवढंच, हे दोघींनाही ठाऊक होतं.

शरीर निवडा म्हटल्यावर मी काय करावं? गोरीपान, शेलाटी, पंचविशीतली बाई घेतली. जन्मभर 'काळी' ऐकलेलं, आता फुकटात मिळतंय तर कशाला सोडा! पण आत जाऊन बघते तर माणसांच्या जागी नुसते करडे ढग. तीही ढग, मीही ढग. तिलाही तसंच दिसत असणार, असं मी धरून चालले. रोज संध्याकाळी दोन ढग पोफळींतून गप्पा मारत फिरायचे.

ढगांचा कंटाळा आला, असं मी आदल्या संध्याकाळी म्हटलं होतं, त्यावरून तिने ओळखलं. हार्डवेअर म्हणजे सेटिंगमधली एक खूण, हे तिने फोनवरच समजावलं. चित्रं काढायचं काम लॅपटॉपमधल्या खास भागाकडे सोपवलं की सगळं भराभर आणि स्वच्छ दिसतं म्हणे. ग्राफिक्समध्ये जाऊन मी 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन'समोर खूण केली, प्रोग्राम बंद करून पुन्हा लावला. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला आणि ढग विरले.

समोर माझी बहीण उभी. जाडी, काळी, पिकल्या केसांची, चष्म्यासकट. आणि तिच्या शेजारी ती पंचविशीतली भवानी, केस उडवत.

"अगो बाई, आता तुलाही मी दिसायला लागले का?"

"मला पहिल्यापासूनच दिसतेस. ढग तुझ्याकडे होते, ताई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? वाटलं, तुला आईसारखं दिसायचं नसेल."

आई गेली तेव्हा तिला येता आलं नव्हतं. मला बघितलं की गावात अजूनही म्हणतात, हुबेहूब आई. व्हिडिओ कॉलवर मी मोबाइल छताकडे धरते. "जरा खाली धर ना," असं ती दर वेळी का म्हणायची, ते आत्ता कळलं. शरम वाटली, इतकी की पडद्याकडे बघवेना.

सेटिंगमध्ये त्या भवानीच्या कातडीच्या रंगाची पट्टी शोधून काढली आणि काळ्याकडे सरकवायला लागले.

"अजून," ती म्हणाली.

मी आणखी सरकवली.

"अजून गो. आई एवढी उजळ कुठे होती?"