भोंग्याचं चित्र

तिला सगळे चित्रताई म्हणत. सभेत लोक बोलत असताना भिंतीवर लावलेल्या लांबलचक कागदावर त्या बोलण्याचं चित्र काढत जायचं, हा तिचा धंदा. असाही धंदा असतो हे तिच्या आईच्या अजून पचनी पडलेलं नाही. "लोक भांडतात आणि आमची ही चित्रं काढते," असं ती शेजारणींना सांगे, आणि खरं म्हणजे त्यात फारसं चुकीचं काही नव्हतं.

आधी ती शाळेत चित्रकला शिकवायची. शिक्षकांच्या बैठका लांबत, तेव्हा मागच्या बाकावर बसून कोण काय म्हणतंय ते पाठकोऱ्या कागदांवर रेखाटत राहायची. एकदा ते कागद मुख्याध्यापिकांच्या हाती लागले. आता खरडपट्टी निघणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली, तर बाई म्हणाल्या, "इतिवृत्तापेक्षा हे बरं कळतंय. पुढच्या वेळी फळ्यावरच काढ." तिथून गाडी सुरू झाली. मग एका दवाखान्याने बोलावलं, मग कारखान्याने, मग पाणीपुरवठ्याच्या कचेरीने. माणसं तासतासभर वाद घालून जिथल्या तिथेच असायची आणि मग कोणीतरी भिंतीकडे बघून म्हणायचं, "अहो, म्हणजे आपण दोघं एकच म्हणतोय की." हे ऐकलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढे.

तिचा नियम एकच होता. कान पुढे, हात मागे. समोरच्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय मार्कर कागदाला टेकवायचा नाही. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना ती हेच बजावून सांगायची.

तिचे वडील बसस्थानकावर उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, कोणाची पिशवी चौकशी खिडकीपाशी जमा आहे, हे सगळं गावाने त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्यामुळे गावात त्यांचं नाव भोंगा. निवृत्त झाले, ध्वनिक्षेपक हातातून गेला, पण नाव आणि आवाज दोन्ही तसेच राहिले. शिवाय बोलणं आवरायचं कसं हे त्यांना कधी जमलंच नाही. गोष्ट सुरू करायची ती पार मुळापासून, मग तिला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. "यांना भाजी आणायला पाठवलं की भाजी घरी येईपर्यंत वाटेतच सुकते," असं आई म्हणे.

लहानपणी शाळेत तिला भोंग्याची पोरगी म्हणत. ती वरवर हसायची. पण मोठेपणीही वडील चारचौघांत तोंड उघडू लागले की ती दुसरीकडे बघू लागे.

बसस्थानकाची जुनी प्रतीक्षागृहाची इमारत पाडून तिथे नवी बांधायची, असं नगरपालिकेने ठरवलं. लोकांचं मत घ्यायला सभा बोलावली आणि चित्रासाठी तिला. त्या दिवशी बाहेरून एका मोठ्या संस्थेच्या संचालिकाही येणार होत्या. गावोगावच्या सभांच्या चित्रांचं काम त्या कोणाला तरी सोपवणार होत्या, आणि चित्रताईचं काम बघायलाच मुद्दाम येत होत्या.

सकाळी चहा घेताना ती वडिलांना म्हणाली, "बाबा, आज थोडक्यात बोला हं."

"मी?" वडील म्हणाले. "मी बोलणारच नाहीये. नुसता बसेन."

सभा रंगली. दुकानदार बोलले, चालक-वाहक बोलले, कॉलेजच्या मुली बोलल्या. ती कागदाच्या एका बाजूला पाडा म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला नको म्हणणारे रेखाटत होती, मधून बाण फिरवत होती. संचालिकाबाई पहिल्या रांगेत बसून कौतुकाने बघत होत्या. सगळं कसं सुरेख जुळत आलं होतं, आणि वडील उठले.

"मी काही फार बोलणार नाही," त्यांनी सुरुवात केली, आणि सभागृहात मागे कोणीतरी खुदकन हसलं.

ते पुढे येऊन, भिंतीकडे पाठ करून लोकांसमोर उभे राहिले. इमारतीचा पाया खणला तिथून त्यांनी सुरू केलं. मग पहिले स्थानकप्रमुख, मग त्यांची सायकल, मग ती सायकल कशी हरवली आणि कुठे सापडली. लोक चुळबुळू लागले. एकाने घड्याळाकडे पाहिलं. संचालिकाबाईंनी शेजारच्या अधिकाऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. चित्रताईचे कान गरम झाले. पुढचे शब्द तिला ऐकू येत होते, पण ती ऐकत नव्हती. आणि तिचा हात चालू लागला.

तिने एक खांब काढला, खांबावर भोंगा, भोंग्याला वडिलांचा चष्मा आणि मिशा. भोंग्यातून निघालेली वायर सगळ्या सभागृहभर फिरवली. खुर्च्यांना, माणसांच्या पायांना वेटोळे घालत नेली. कोणी त्यात गुरफटून झोपलेला, कोणी कान झाकलेला, सभेच्या अध्यक्षबाई वेळ संपल्याच्या घंटेपर्यंत हात पोचवायची धडपड करताहेत. तिचा हात इतका सफाईने क्वचितच चालला असेल.

आधी एक जण हसला. मग रांगच्या रांग हसली.

वडिलांना वाटलं, आपली सायकलीची गोष्ट आवडली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आवाज चढवला, हातवारे करून सायकलीची घंटा कशी वाजायची ते दाखवलं. लोक आणखी हसले. काही जण डोळे पुसू लागले. अध्यक्षबाईंनीही तोंडाला पदर लावला. तेव्हा कुठे वडिलांच्या लक्षात आलं, की सगळ्यांच्या नजरा आपल्यावर नाहीत, आपल्या मागे आहेत. ते वळले.

त्यांनी चित्र नीट पाहिलं. चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं.

"छान काढलंय," ते म्हणाले. "वायर जरा जास्त झालीय." आणि हसून आपल्या जागेवर जाऊन बसले. टाळ्या पडल्या.

सभा संपल्यावर संचालिकाबाई तिच्याजवळ आल्या. "कमाल आहे तुमची," त्या म्हणाल्या. "ते गृहस्थ कोण हो?"

वडील थोड्याच अंतरावर चपला शोधत होते.

"इथले जुने कर्मचारी आहेत," चित्रताई म्हणाली, आणि मार्करची टोपणं लावू लागली.

त्या चित्राचा फोटो दुपारपर्यंत गावभर फिरला. ज्यांनी कधी सभेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांनीही तो एकमेकांना पाठवला. संध्याकाळी ती घरी आली तर वडील खिडकीपाशी बसले होते. जेवताना भाजीत मीठ कमी होतं. एरवी त्यावरून ते मिठागरापर्यंत जाऊन आले असते. त्या दिवशी त्यांनी उठून मीठ घेतलं आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी तसंच, आणि नंतरही तसंच. विचारलं तर उत्तर देत, हो, नाही, चालेल. भाजी ताजी घरी येऊ लागली. आईने पिशवी रिकामी करता करता विचारलं, "काय झालंय यांना? घरात कोणी नसल्यासारखं वाटतंय मला." चित्रताईने भाजी निवडायला घेतली. पण फोटो शेजारणीकडून आईपर्यंत पोचलाच. आई तिला एवढंच म्हणाली, "चारचौघांत? स्वतःच्या बापाचं?"

एका दुपारी वडील गॅलरीत चपलेला टाके घालत बसले होते. ती त्यांच्याजवळ खाली बसली.

"बाबा, माझं चुकलं. तसं चित्र काढायला नको होतं."

"चित्राचं काही नाही गं," ते सुईत दोरा ओवत म्हणाले. "चित्र खरंच होतं. मी लांबण लावतो, मला माहीत नाही होय?"

"मग तुम्ही असे का..."

त्यांनी दोरा ओवून गाठ मारली. मग हळूच म्हणाले, "कान शाबूत आहेत माझे. त्या बाईंनी विचारलं, तू काय सांगितलंस ते ऐकलं मी."

तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वडील टाके घालत राहिले. चप्पल त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली.

मग तिने विचारलं, "तुम्ही सभेत शेवटी काय सांगणार होता?"

"पाडा म्हणणार होतो."

"पाडा?"

"मग काय. छत गळतं, बाकं मोडलीत, म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या चढवत नाहीत. माझा सगळा जन्म तिथे गेला, जीव आहे माझा त्या जागेत, तरी पाडा. आता एवढं म्हणायचं तर आधी जीव कसा आहे ते सांगायला नको?"

चित्रताईने तो भोंगा नको म्हणणाऱ्यांच्या बाजूला काढला होता. वाक्य पुरं व्हायच्या आत.

ती दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेली. तिथल्या अधिकाऱ्याला म्हणाली, चित्रात चूक आहे, तेवढा भाग काढून टाका. तो हसत म्हणाला, "अहो, अहवालाच्या मुखपृष्ठावर तेच घेतलंय. छापूनही झाला. तेवढ्या चित्रामुळे तर लोक तो उघडून बघतील." आपण त्यांना चुकीच्या बाजूला काढलंय असं तिने सांगितलं, तर म्हणाला, एका माणसाने काय फरक पडतो.

पुढची सभा भरली तेव्हा वडील आले नाहीत. कागद लावून झाल्यावर ती लोकांकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "मागच्या सभेत मी ज्यांचं चित्र काढलं ते माझे वडील आहेत. ते काय म्हणत होते ते मी ऐकलं नाही, आणि चुकीच्या बाजूला काढलं. ते इमारत पाडा असं म्हणत होते. बाहेरच्या पाहुण्यांनी विचारलं तेव्हा ते माझे कोण हेही मी सांगितलं नाही." एवढं बोलायला तिला फार कष्ट पडले. लोक इकडेतिकडे बघू लागले. अध्यक्षबाई घसा खाकरून म्हणाल्या, "बरं. तर मग फलाटांच्या संख्येचा विषय घेऊ या का?" ती वळली आणि फलाट काढू लागली.

संस्थेचं काम तिला मिळालं. आता ती गावोगाव जाते. सभेत कोणी म्हातारा लांबण लावू लागला, लोक हसायला लागले, की ती मार्कर खिशात ठेवून त्याच्याकडे तोंड करून उभी राहते. लोकांना वाटतं, ही तिची पद्धत आहे. कोणी तारीफ केली की ती विषय बदलते.

घरी वडील हळूहळू बोलायला लागले, पण तिच्याशी नाही. परवा गॅसची शेगडी दुरुस्त करायला माणूस आला होता. ती बाहेरून आली तर स्वयंपाकघरातून वडिलांचा आवाज येत होता, खणखणीत, पूर्वीसारखा. शेगडीवरून निघालेली गोष्ट कुठल्याशा पुरापर्यंत गेली होती, आणि दुरुस्तीवाला पान्हा हातात धरून ऐकत राहिला होता. चित्रताई दाराशी उभी राहिली. वडिलांचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"असो," ते त्या माणसाला म्हणाले. "तुमचं काम होऊ द्या."

ती आपल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. पलंगावर बसून वाट पाहू लागली, आणि जरा वेळाने दाराच्या पलीकडे पुराची गोष्ट पुन्हा सुरू झाली.