सासरच्या यादीत माहेर

"प्रज्ञाची नोकरी ऱ्हाते का न्हाई, आन् पुण्याला तर..." एवढंच भिंतीपलीकडून ऐकू आलं आणि तिच्या आईनं मिक्सर लावला.

सेलूत आमच्या दोन घरांत भिंत एकच. त्यामुळं किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. हा मात्र अर्धाच हाती आला. उरलेला मी मनात पुरा केला आणि पालमला माझ्या बहिणीला, शांताला फोन लावला. "शेजारच्या पोरीची नोकरी गेली गं. पुण्यात तुझा पोरगा सुनील हाय, बघ म्हणावं काही."

मग वाटी घेऊन साखर मागायला शेजारी गेले.

*

नोकरी गेलेली नव्हती. प्रज्ञा घरी बसून एका कंपनीसाठी वेबसाइटी बनवते. आता कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी एक पान बनवत होती. आधी गाव निवडायचं, गावावरून शेतकऱ्यांची नावं येणार, नावावरून कापसाच्या गाडीचा नंबर कितवा ते कळणार. शुक्रवारी जिनिंगचे मालक तपासणार. चुकलं तर कंपनी तिला कायम करणार नव्हती.

"सगळं एकदाच इचारून टाक की."

"गाव कळल्याबिगर नावं कुणाची इचारू, मावशी?"

खरंच की. सोयरिकीच्या चौकशीत मी मात्र पोराचं नाव कळायच्या आधी पगार विचारते.

*

दुसऱ्या दिवशी तिनं ती नावं ज्यातून मागवते ते ऑब्झर्वेबल समजावलं. "दुधाचा रतीब लावतो ना, तसं. एकदा सांगून ठेवायचं, दूध आलं की पातेलं पुढं करायचं. बंद कर म्हणलं न्हाई, तर येतच ऱ्हातं."

"आन् नासकं आलं तर?"

"तेला एरर म्हणतात."

*

गुरुवारी म्हटलं, मला हात लावू दे. माहेरचं गाव दाबलं. नावं यायला वेळ लागला, गाव मोठं. मला कुठला धीर? लगेच सासरचं दाबलं. वर नाव सासरचं आलं, आणि खाली यादीत माझे तिन्ही भाऊ!

"बघ, आले घरजावई होऊन," मी हसले.

प्रज्ञा हसली नाही. "मावशी, परत दाबा. तसंच, घाईघाईनं."

परत तेच. माहेरचं उत्तर उशिरा येऊन सासरच्या यादीवर बसत होतं. एकाची गाडी दुसऱ्याच्या नंबरावर लागली असती. तिनं 'स्विचमॅप' म्हणून काहीतरी लिहिलं. नवा प्रश्न विचारला की जुन्याचं उत्तर घ्यायचंच नाही. मी वीस वेळा दाबलं. भाऊ आपापल्या गावी राहिले.

शुक्रवारी पान पास झालं. प्रज्ञा कायम झाली.

*

सोमवारी ती बॅग घेऊन दारात उभी. पुण्याला निघाली होती, कंपनीतच, दोन महिने शिकायला. तेवढ्यात पालमच्या बसनं शांता येऊन टपकली, हातात शेंगांची पिशवी. बॅग बघितली आणि प्रज्ञाला जवळच घेतलं.

"रडू नको बाई. नोकरी काय, येती-जाती. सुनीलनं तुझ्यासाठी साहेबाला सांगून ठेवलंय."

प्रज्ञाची आई माझ्याकडं बघायला लागली. मी शेंगा फोडायला घेतल्या.

प्रज्ञानं बॅग उचलली. "मावशी, तुमचा जुना रतीब बंद करायचा राहिला वाटतं."