साहेब बसले की येणारा वास

ज्ञानू गाडी अनवाणी चालवायचा. पायताण काढून सीटखाली सरकवायचा आणि मगच किल्ली फिरवायचा. पायाला इंजिन कळतं, असं त्याचं म्हणणं. गारगोटीकडचा माणूस, अंगानं काटक, बोलायला कमी. शिरोली एमआयडीसीत कारखाना असलेल्या उदयसिंह साहेबांकडं तो एकोणीस वर्षं ड्रायव्हर होता आणि तेवढ्या काळात गाडीवर साधा ओरखडा उठला नाही. अशा माणसाच्या पोटावर मी पाय दिला.

माझं गॅरेज शिवाजी पेठेत. दारात बाकडं आहे, त्यावर सकाळपासून पेठेतली चार टाळकी चहा पीत बसलेली असतात. बॉनेट उघडायच्या आधी मिस्त्री रोग सांगतो, अशी माझी ख्याती त्यांनीच केली. मीही ती डोक्यात जाऊ दिली.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदा साहेब स्वतः ज्ञानूला घेऊन आले. गाडीत रबर जळाल्यासारखा वास येतोय म्हणाले. मी ज्ञानूला विचारलं, "कवा येतोय?"

"मी एकटा असलो की येत न्हाय, मिस्त्री. सायेब बसलं की दहा-पंधरा मिन्टांनी येतोय."

"मग सायबांचाच वास आसंल की!" बाकड्यावरनं कोणीतरी पचकलं आणि सगळे खो खो हसले.

साहेब लालबुंद झाले. चांगलं गिऱ्हाईक हातचं जातंय असं वाटून मी घाईनं सावरायला गेलो. इंजिन चालू केलं, क्लच दोनदा दाबला, नाक फेंदारून वास घेतल्यासारखं केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "क्लच जळालाय, सायेब. ह्यो क्लचवर पाय ठिवून चालवतोय. एकटा असला की मोकळ्या रस्त्यानं पळवतोय, तुमास्नी घिऊन गावातनं दमानं जातोय. म्हणून वास तुमालाच येतोय."

बोलता बोलता ते इतकं चपखल बसलं की माझं मलाच खरं वाटलं.

"मिस्त्री, माजा पाय क्लचवर नसतोय," ज्ञानू म्हणाला. "सायबांस्नी बसवून एक चक्कर तरी मारून बघा की."

"आता तू शिकीवणार व्हय मला?"

मी क्लचप्लेट बदलली. नव्वद हजार किलोमीटर पळालेल्या गाडीची प्लेट झिजलेलीच असणार, हे मला काय माहीत नव्हतं? तरी ती मी पुरावा म्हणून साहेबांच्या हातात दिली. त्याच आठवड्यात त्यांनी ज्ञानूला घरी बसवलं.

नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत थंडी पडली आणि वास बंद झाला. झालं, माझं निदान खरं ठरलं. मालक लोक एकमेकांशी बोलतात. क्लच जाळणारा ड्रायव्हर म्हणून ज्ञानूचं नाव सगळीकडं झालं आणि त्याच्या हातात कोणी किल्ली देईना. शेवटी तो एका मंगल कार्यालयाच्या दारात वॉचमन म्हणून उभा राहिला. लग्नाला आलेल्यांच्या गाड्या कुठं लावायच्या, ते हातानं दाखवायचं काम.

मार्चमध्ये तीच गाडी माझ्या दारात परत आली. वास पुन्हा सुरू झाला होता. या खेपेला मात्र मी नव्या ड्रायव्हरला घेऊन चक्कर मारली. ऊन रणरणत होतं म्हणून एसी लावला. दहा मिनिटांत वास आला. परत येऊन बॉनेट उघडलं तर एसीच्या कॉम्प्रेसरचं बेरिंग जाम होत आलेलं, बेल्ट त्याच्यावर घासून कडेनं करपलेला आणि आजूबाजूला रबराची काळी भुकटी.

"एसी सारखा लावतोस काय रं?" मी त्या ड्रायव्हरला विचारलं.

"न्हाय वो. सायेब असलं तरच. एकट्यानं एसी लावायचा न्हाय, त्यांनी पयल्याच दिवशी बजावलंय."

ज्ञानूनं एका वाक्यात अख्खा रोग सांगितला होता. मी फक्त 'का' एवढं विचारायला हवं होतं.

अर्ध्या दिवसात काम झालं. मी साहेबांना फोन लावला, चूक माझी होती, ज्ञानूला परत घ्या म्हणालो. साहेब म्हणाले, "आता हा पोरगा रुळलाय, मिस्त्री. आणि त्या दिवशी चार लोकांत माझं हसं झालं, ते ज्ञानूमुळंच की." मग त्यांनी फोन ठेवला.

मी मंगल कार्यालयावर गेलो आणि ज्ञानूला सगळं सांगितलं. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "नोकरी ऱ्हाऊ द्या. तुमच्या बाकड्याम्होरं यकडाव मोठ्यानं सांगा, ज्ञानूची चूक न्हवती म्हणून. माजी अनुजा कालेजात जाती. तिला पोरी इचारत्यात, तुज्या बाला गाडी येत न्हाय व्हय?"

"उद्याच ये. सांगतो," मी म्हणालो.

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून बाकड्याच्या कडेला अंग चोरून बसला. बाकडं भरलेलं होतं, दोन नवी गिऱ्हाइकं उभी होती आणि मिस्त्रींचं निदान कधी चुकत नाही, असं एकजण त्यांना रंगवून सांगत होता. ज्ञानू माझ्याकडं बघत होता. मी त्याला चहा द्यायला सांगितलं आणि एका गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घातलं. तिथं काही काम नव्हतं. लाज वाटत होती, पण तोंड उघडेना.

तासाभरानं तो उठला. "येतो, मिस्त्री," म्हणाला आणि गेला.

"ह्यो कशाला आलता?" बाकड्यावरच्या एकानं विचारलं.

"असाच," मी म्हणालो. "चहाला."