पेरिहानची सैल वीण

निक्सार गावात मुनिरेच्या हातची अंग घासायची घासणी नाही असं न्हाणीघर शोधूनच काढावं लागलं असतं. स्वस्तातला चकचकीत, जरासा खरखरीत दोरा, दोन सुया आणि साधी वीण. तळहातापेक्षा थोडी मोठी पट्टी झाली की दुमडायची, कडा शिवायच्या, हात आत जाईल अशी पिशवी करायची आणि खुंटीला अडकवायला एक फास. नवऱ्या मुली लग्नाच्या पेटीत त्या ढिगानं नेत. दुकानातून घासणी आणणारीला मुनिरे म्हणे, "पैसा उतू चाललाय का गं? दोन सुया धर की हातात!"

मुनिरेचा नवरा गेल्यावर तिची थोरली नणंद पेरिहान तिच्याकडेच राहायला आली. दोघी खिडकीशी समोरासमोर बसून विणत. मुनिरेची वीण घट्ट. पेरिहान डावखुरी, तिची सैल.

"वहिनी, ही घासणी की खिसणी? माझ्या भावाचं कातडं सोलून झालं, आता गावाचं सोलतेस."

"आणि तुमचं काय वन्सं? मासे धरायचं जाळं!"

अक्रोड झोडायच्या दिवसांत पेरिहान बसल्या जागीच गेली. तिला न्हाऊ घालायला आलेल्या बाईनं कोरी घासणी मागितली. हाताला लागली ती मुनिरेनं दिली. ती तिच्याच विणीची होती.

मयताचा हलवा वाटून झाला, पाहुणे पांगले. एका दुपारी मुनिरे विणकाम खुर्चीवर ठेवून नमाजाला उठली. परत येऊन बघते तर पट्टी वाढलेली. नव्या ओळी सैल, आणि टाक्यांचा पीळ उलटा. डोळ्यांना दोष देत तिनं त्या उसवल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ती दाराला कडी घालू लागली, तरीही तेच.

"वय झालं, ताई," शेजारची सब्रिये म्हणाली. "केलेलं आठवत नाही माणसाला."

"विसरले असेन. पण डाव्या हातानं मी चमचासुद्धा धरत नाही गं."

"बरं, मी बसते सोबतीला. बघूच कोण येतंय ते."

उन्हात बसल्या बसल्या मुनिरेचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सब्रिये चपला हातात घेऊन दाराशी उभी होती.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"मग अशी काय उभी राहिलीस?"

"तूच विणत होतीस, ताई. डोळे मिटून. डाव्या हातानं." सब्रियेनं चपला पायांत सरकवल्या. "आणि म्हणालीस, 'वहिनीला सांग, माझे खांदे अजून चुरचुरतात.'"

पेरिहानच्या शेवटच्या न्हाणाला कुठली घासणी दिली, हे मुनिरेनं कुणाजवळच बोललेलं नव्हतं.

घाबरून ती सामसुनला लेकीकडे, गुलतेनकडे गेली. तिथं मनासारखं घट्ट विणून झालं, एक टाका इकडचा तिकडे झाला नाही. झोपही गाढ लागे. तरी एके दिवशी तिनं बोचकं बांधलं.

"आई, तिकडे भीती वाटते ना तुला?"

"वाटते की."

"मग कशाला चाललीस?"

"ती एकटीच बसली असेल गं खिडकीशी."

घरी येऊन तिनं मुद्दाम सैल वीण धरली. हाताला सवय नव्हती, टाके घसरत होते. तयार झाली ती घासणी तिनं कबरीच्या उशाशी, ओल्या मातीत पुरली. "घ्या वन्सं, हिनं नाही खरचटायचं," म्हणाली, आणि तिथंच बसून पोटभर रडली.

त्यानंतर घर शांत झालं. विणकाम जिथं ठेवावं तिथंच सापडे. उलटे टाके दिसेनात. सब्रियेही चहाला येऊ लागली.

मग एका सकाळी मुनिरे स्वयंपाकघरात कणीक मळत होती. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. आणि बाहेरच्या खोलीतून सुयांचा आवाज आला. टिक, टिक, टिक.

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. हात इथंच होते.

"वन्सं," तिनं तिथूनच विचारलं, "अहो, तुम्हाला दिली ना मी सैल घासणी?"

आवाज थांबला. जरा वेळानं पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा भरभर. मुनिरेनं कोपरानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, दाराला पाठ लावली आणि खिडकीवरचं ऊन सरेपर्यंत पिठाचे हात तसेच पुढे धरून उभी राहिली.