मामंजींचा पटका आणि चीनचा नाच

मंडळी, आज रागवायचं कुणावर तेच मला कळेना.

कवठे महांकाळहून मामंजी, म्हणजे माझे सासरे, आलेत. त्यांचा धुतलेला पटका वाळत होता, म्हणून ते आतल्या खोलीत बसून होते. सुनेसमोर ते कधी उघड्या डोक्याने येत नाहीत.

इकडे माझ्या लेकीने, ओवीने, मोबाइलवर लांब बाह्यांचा चिनी नाच पाहिला आणि ती पटक्याची टोकं हातांना बांधून गिरक्या घ्यायला लागली. हसू थांबेना तिचं. पटका मात्र फरशीवर लोळतोय.

मी ओरडले, तसे मामंजी बाहेर आले. "हात वर धर, पोरी. धनगरी गजी नाचात ढोलावर आमी रुमाल असाच फिरवतो." आणि नाचायलाच लागले की, तसेच उघड्या डोक्याने.

मी स्वयंपाकघरात पळाले, तर मागून हाक आली, "सूनबाई, ते चीनचं परत लाव की."

लावलं. पण बघायचं कुणीकडे, सांगा.